शाळेत इको-फ्रेंडली सफाई टिकत का नाही? आधी स्टोअररूम उघडा

मॅडम, तुमचा प्रश्न वाचला आणि हसू आलं. तुमच्यावर नाही हो, स्वतःवरच. तुम्ही लिहिलंय की ६४० मुलांची अनुदानित शाळा, तालुक्याचं गाव, गेल्या वर्षी इको क्लबच्या मुलांनी संत्र्या-मोसंबीच्या सालींचं बायोएन्झाइम (साली, गूळ आणि पाणी मुरवून केलेलं सफाईचं पाणी) केलं, २६ जानेवारीला पाहुण्यांसमोर बाटल्या मांडल्या, पेपरात फोटो आला, आणि जुलैत बघता तर परत तेच काळं फिनेल आणि संडासात ॲसिड. आता संस्था म्हणतेय परत सुरू करा पण या वेळी टिकलं पाहिजे.

हसू यासाठी आलं की हेच फिनेल आणि हेच ॲसिड मी नऊ वर्षं शाळांना विकलंय. टेम्पोत पाच-पाच लिटरचे कॅन घालून तालुके फिरायचो. त्यामुळे शाळेत सफाईचा माल कोण घेतं, का घेतं, कुठे ठेवतं हे मी मागच्या दाराने बघितलेलं आहे. एकदा एका शाळेत माल उतरवत होतो, तिथल्या मावशींनी संडासात आधी ब्लीचिंग पावडर टाकलेली, वरून माझ्याच कॅनमधलं ॲसिड ओतलं, आणि मिनिटभरात त्या खोकत खोकत बाहेर आल्या, डोळ्यांतून पाणी, बोलता येईना. ॲसिड आणि ब्लीचिंग एकत्र आलं की क्लोरीन वायू निघतो हे मला माहीत होतं, पण विकताना मी कधी कोणाला सांगितलं नव्हतं. तो धंदा नंतर हळूहळू सोडला आणि गेली अकरा वर्षं उलटं काम करतोय.

तर सरळ सांगतो. तुमचा कार्यक्रम मुलांनी केला, बाटल्या मुलांनी भरल्या, पोस्टर मुलांनी रंगवली. पण सफाई करतात मावशी आणि खरेदी करतात क्लार्क. या दोघांना कोणी विचारलं होतं का? बहुतेक नाही. बाटल्या संपल्या, इको क्लबवाल्या मॅडमना दहावीचे वर्ग लागले, आणि क्लार्कनी नेहमीच्या माणसाला फोन लावला. संपलं.

म्हणून पहिले पंधरा दिवस काहीही बदलू नका. नवीन काही आणू नका, बोर्ड लावू नका, उद्घाटन तर अजिबात नको. फक्त स्टोअररूमची किल्ली घ्या, आत जा आणि जे दिसेल ते वहीत लिहा. मी सांगतो काय सापडेल. लेबल नसलेले कॅन सापडतील. पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरलेलं ॲसिड सापडेल, आणि ते सापडलं तर पंधरा दिवसांचा नियम मोडा, त्याच दिवशी ते तिथून हलवा, कारण तहानलेलं पोर बाटली बघतं, आत काय आहे ते बघत नाही. ब्लीचिंगची उघडी गोण सापडेल, दमट होऊन गोळे झालेली, तिच्यात आता फारसा दम राहिलेला नसतो. कोविडच्या वेळी आणलेले हायपोक्लोराइटचे (म्हणजे पातळ ब्लीचचे) कॅन अजून पडून असतील, ते पण उष्णतेने आणि काळाने मरतं, त्याच्या भरवशावर राहू नका. मुतारीत टाकायच्या डांबर गोळ्या असतील. कुठेतरी कोपऱ्यात पांढरी पावडर असेल जिला सगळे गॅमेक्सीन म्हणतात, आणि जर ती खरंच जुनी गॅमेक्सीन असेल तर त्यातलं लिंडेन आपल्याकडे २०१३ पासून वापरायलाच बंदी आहे.

दुसरं, मावशींच्या मागे दोन दिवस फिरा. तपासायला नाही, शिकायला. त्या किती वाजता येतात, किती खोल्या, किती बादल्या, एकच फडकं कुठून कुठे जातं, पाणी कुठून उचलून आणतात, झाकण मोजून टाकतात की डोळ्यांच्या अंदाजाने (डोळ्यांचा अंदाज म्हणजे गरजेच्या तिप्पट, हा माझा अनुभव आणि माझ्या जुन्या धंद्याचा आधार). एक बादली म्हणजे किती लिटर, दिवसाला किती बादल्या, हे आकडे मिळाले की निम्मं काम झालं.

आता फिनेलच्या वासाबद्दल. आपल्याकडे सगळ्यांच्या डोक्यात बसलंय की वास आला म्हणजे सफाई झाली. हेडसर सकाळी गेटमधून आत येताना वास घेतात, संस्थेचे सेक्रेटरी घेतात, पालक घेतात. तुम्ही फिनेल बंद केलं की तिसऱ्या दिवशी कोणीतरी म्हणणार, आज फरशी पुसली नाही वाटतं. आणि मावशी बोलणी खाणार. कार्यक्रम मरतो तो इथे, पैशाच्या कमतरतेने नाही. म्हणून सुरू करायच्या आधी हेडसर, सेक्रेटरी, पर्यवेक्षक यांना एकत्र बसवून एवढंच सांगा की स्वच्छ जागेला वास नसतो. आणि ते पटत नसेल तर एक पांढरा हातरुमाल ओला करून फिनेलने पुसलेल्या वर्गाच्या कोपऱ्यातून फिरवून दाखवा, बोलायची गरज पडत नाही.

संडासाची दुर्गंधी हा वेगळा विषय आहे आणि यावर जरा थांबतो, कारण शाळेतलं ऐंशी टक्के भांडण तिथलंच असतं (आकडा माझा, मोजलेला नाही). लघवीचा तो उग्र वास येतो कुठून? लघवीतल्या युरियाचा जंतू अमोनिया करतात, आणि लघवीतले क्षार बोअरच्या जड पाण्यातल्या क्षारांबरोबर मिळून भांड्याला, पाइपला, फरशीच्या फटीत पिवळा थर धरतात. त्या थरात जंतू मजेत राहतात. फिनेल वरून टाकलं की वासावर वास चढतो, थर तसाच. ॲसिड टाकलं की थर जातो, खरं आहे, लगेच जातो, म्हणून मावशींना ॲसिड आवडतं आणि त्यात त्यांची काही चूक नाही. पण ॲसिड थराबरोबर दोन फरशांमधलं सिमेंट खातं, नळाची चकाकी खातं, आणि भांडं घासताना कडक ब्रश आणि खरखरीत पावडर यांची साथ मिळाली की भांड्यावरचा काचेसारखा थर पण वर्षावर्षाने खराब होतो. एकदा ती गुळगुळीत कांती गेली की घाण जास्त चिकटते, मग जास्त ॲसिड. हे चक्र मी स्वतः माल विकून फिरवलंय.

एका शाळेत तर आम्ही सगळं बदललं, छान चाललं होतं, आणि चार महिन्यांनी पाण्याच्या टाकीखालच्या खोपटात ॲसिडच्या दोन बाटल्या सापडल्या. मावशींनी लपवलेल्या. शिक्षक चिडले, मी म्हटलं थांबा, आधी विचारू तरी. मावशी म्हणाल्या, साहेब तपासणीला कोणी येणार असलं की हेडसर म्हणतात भांडी पांढरी दिसली पाहिजेत, तुमच्या लिंबूसत्वाच्या पावडरीने ती पांढरी होत नाहीत, मी काय करू. बरोबर होतं त्यांचं. भांडी बारा-पंधरा वर्षं जुनी, कांती गेलेली, ती आता कशानेच पांढरी होणार नव्हती. शेवटी सहा भांडी बदलली आणि बाटल्या आपोआप गेल्या. तेव्हा तुमच्या संडासातली भांडी आधी बोटाने चाचपून बघा, हातमोजा घालून अर्थात, खरखरीत लागली तर ती बदलायचा खर्च कार्यक्रमाच्या बजेटमध्ये पहिल्याच वर्षी धरा. नाहीतर सगळं लिंबू-बिंबू फुकट.

ॲसिडच्या जागी काय, तर सायट्रिक ॲसिड. किराणा दुकानात लिंबूसत्व किंवा लिंबूफूल म्हणून मिळतं, पण शाळेला किलोच्या भावात केमिकलच्या दुकानातून घ्या, बरंच स्वस्त पडतं. लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम, म्हणजे साधारण चार मोठे चमचे. भांड्यात आधीचं पाणी ब्रशने मागे ढकलायचं, मग हे ओतायचं, आणि पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. हे थांबणंच सगळ्यात अवघड. खनिज ॲसिडची (म्हणजे संडासात टाकतात त्या नेहमीच्या ॲसिडची) सवय झालेला माणूस ओतलं की लगेच घासतो आणि म्हणतो हे काही काम करत नाही. म्हणून मावशींच्या कामाचा क्रम बदलायचा, आधी सगळ्या भांड्यांत ओतून घ्यायचं, मग वर्ग झाडायला जायचं, परत येऊन घासायचं. एवढ्या एका बदलाने फरक पडतो. जुना थर असेल तर शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर रात्रभर भिजत ठेवा.

आणि हे मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावा: ब्लीचिंग बरोबर काहीही मिसळायचं नाही. लोकांना वाटतं लिंबूसत्व म्हणजे खायचं, त्याने काय होतंय. पण सायट्रिक ॲसिड असो, व्हिनेगर असो नाहीतर मुलांनी केलेलं बायोएन्झाइम असो, आंबट ते सगळं ब्लीचिंगमधून क्लोरीन काढतं. नैसर्गिक आहे म्हणून केमिस्ट्री थांबत नाही.

वासाचं अजून एक कारण, ज्याला एक पैसा लागत नाही. संडास-मुतारीच्या जाळीखाली नहाणी ट्रॅप असतो, त्यात पाणी साचून राहतं आणि ते पाणी खालचा गटाराचा वास अडवतं. दिवाळीची, मेची सुट्टी झाली की ते पाणी सुकतं आणि शाळा उघडताना सगळा मजला घाण मारतो, मग फिनेलचा अभिषेक सुरू. प्रत्येक जाळीत बादलीभर पाणी ओता, बऱ्याचदा वास तासाभरात जातो. सुट्टीत शिपाईमामांना आठवड्यातून एकदा हे करायला सांगा. आणि पाणीच नसेल तर, म्हणजे मुतारीत पाण्याची सोय नसेल, तर मॅडम बाकी सगळं राहू द्या, आधी नळ नाहीतर ड्रम आणि मग्गा. पाण्याशिवाय हिरवी सफाई नाही, लाल नाही, कुठलीच नाही.

डांबर गोळ्यांसाठी पण पंधरा दिवसांचा नियम मोडा, त्या आजच काढा. त्या बहुतेक नॅप्थलीनच्या असतात, वाफ होऊन हवेत जातात, आणि ज्या मुलांना जी-सिक्स-पीडी नावाच्या एन्झाइमची जन्मजात कमतरता असते त्यांच्या रक्तातल्या लाल पेशी त्याने फुटू शकतात. आपल्या वर्गात असं मूल आहे की नाही हे आपल्याला माहीत नसतं, आईबापांना पण माहीत नसतं. शिवाय लहान मुलं पांढरी गोळी बघून उचलतात. एवढ्यासाठी कशाला ठेवायच्या.

आता बायोएन्झाइम. तुमच्या मुलांचा उत्साह मोडायचा नाहीये पण हिशेब करू. प्रमाण एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी, तीन महिने. समजा तुमच्याकडे दिवसाला पंधरा लिटरच्या चार बादल्या लागतात आणि लिटरला ५० मिली टाकता. झाले रोज तीन लिटर. पंचवीस दिवस धरले तर महिन्याला ७५ लिटर. म्हणजे दर महिन्याला साडेसात किलो गूळ आणि साडेबावीस किलो साली, आणि तीन महिन्यांचा माल कायम मुरत पडलेला, म्हणजे सव्वादोनशे लिटरचे ड्रम. ज्यूस सेंटरवाला साली देईल एखाद वेळी आनंदाने, पण उन्हाळी सुट्टीत कोण आणणार, कोण झाकणं उघडणार? पहिल्या महिन्यात रोज गॅस सोडावा लागतो ना. एका शाळेत दिवाळीच्या सुट्टीत प्रयोगशाळेच्या कपाटात बाटल्या बंद करून ठेवल्या, उघडली तेव्हा दोन फुटलेल्या, सांगाड्याच्या मॉडेलला सालीचा लगदा, आणि मुंग्यांची जत्रा. नशीब प्लास्टिकच्या होत्या, काचेत कधीच करू नका.

अजून एक गोष्ट जी कोणी सांगत नाही. बायोएन्झाइम आंबट असतं. आपल्या जुन्या शाळांत फरशी कुठली? शहाबादी, नाहीतर कोटा. हे दोन्ही चुनखडीचे दगड. आंबट पदार्थ चुनखडी खातो. मोझॅकमध्ये पण संगमरवराचे तुकडे आणि सिमेंट असतं. रोज पुसलं की वर्षभरात फरशी निस्तेज आणि खरखरीत होते, मग धूळ जास्त धरते, मग लोक म्हणतात इको-फ्रेंडलीने फरशी घालवली. आणि खरंच घालवलेली असते. सायट्रिकचं पण तेच, ते फक्त चिनीमातीच्या भांड्यात, शहाबादीवर नको. तेव्हा बायोएन्झाइम करा, विज्ञानाचा छान प्रयोग आहे, पातळ करून बागेला घाला, बेसिनला वापरा, पण शाळेच्या सफाईचा डोलारा त्यावर उभा करू नका. ते जंतुनाशक म्हणून कोणी प्रमाणित केलेलं नाही हेही लक्षात असू द्या.

बेकिंग सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फेस काढायचे व्हिडिओ बघून पण शाळांनी माझ्यासमोर केलंय. फेस छान येतो. आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारतात आणि हातात राहतं ते जवळजवळ पाणीच. वेगवेगळे वापरा, काम करतात. रिठा चांगला, पण उकळलेलं पाणी चार-पाच दिवसांत आंबतं आणि डोळ्यात गेलं तर पोरं रडतात.

मग फरशीला काय वापरायचं? साधं पाणी. हो. वर्गात जी घाण असते ती धूळ, खडूची पूड आणि चपलांची माती, तिला जंतुनाशक कशाला पाहिजे? नीट झाडणं, दारात एक लांबलचक जाड पायपुसणं (लहान नको, मुलाची दोन-तीन पावलं त्यावर पडली पाहिजेत), आणि स्वच्छ पाण्याने स्वच्छ फडक्याने पुसणं. आठवड्यातून एक-दोनदा कमी फेसाचं, आम्ल नाही अल्कली नाही असं न्यूट्रल क्लीनर. बाकांवर तेलकट हात, डब्याचे डाग असतात, तिथे पाच लिटर कोमट पाण्यात मोठा चमचाभर धुण्याचा सोडा. फळा आणि खिडक्यांना ओलं करून पिळलेलं मायक्रोफायबरचं (बारीक धाग्यांचं) फडकं. संपली यादी. जंतुनाशक फक्त तिथे जिथे कोणी उलटी केली, रक्त सांडलं, जुलाबाची साथ आहे, आणि संडासातल्या हात लागतो त्या जागा. उलटी झाली तर आधी राख नाहीतर वाळू टाकून उचला, जागा धुवा, मग ताज्या ब्लीचिंगचं पाणी, लिटरला ३० ग्रॅम म्हणजे एक टक्क्याच्या आसपास, दहा मिनिटं राहू द्या, खिडक्या उघड्या, मुलं बाहेर, मग परत धुवा. घाणीवरच जंतुनाशक ओतलं तर ते घाणीतच खर्च होतं.

२०२३ च्या पावसाळ्यात डोळे आले होते ना सगळ्यांचे, तेव्हा किती शाळांनी वर्गात फवारण्या केल्या. डोळे येतात ते हाताने. कड्या, नळ, बाक साबणाच्या पाण्याने पुसणं आणि मुलांना हात धुवायला साबण देणं एवढं पुरलं असतं. कोविडमध्येही तेच, शेवटी एप्रिल २०२० मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाला सांगावं लागलं की माणसांवर जंतुनाशक फवारू नका म्हणून. आणि साबणाचं म्हणाल तर पाणी घालून वाढवलेला हँडवॉश ठेवण्यापेक्षा साधी वडी जाळीच्या पिशवीत घालून नळाला बांधा. चोरीला जाईल. जाऊ द्या, घरी जाऊन हातच धुतील.

फडक्यांना रंग द्या. लाल संडास, पिवळं बेसिन, निळं वर्ग, हिरवं पोषण आहाराची जागा. ही पद्धत ब्रिटनमधून आली आणि मोठ्या हॉस्पिटलांत सगळीकडे आहे, शाळेत कोणी करत नाही. वाचता न येणाऱ्या मावशींना पण रंग कळतो. प्रत्येक रंगाची निदान सहा तरी पाहिजेत, कारण धुवून वाळेपर्यंत दुसरं लागतं, आणि वाळत घालायला उन्हात दोरी पाहिजे. ही दोरी मी नेहमी आवर्जून विचारतो. ओलं फडकं बादलीत मुरत ठेवलेलं असेल तर तुम्ही कितीही महागाचं इको लिक्विड आणा, तुम्ही दुर्गंधी पसरवताय. मायक्रोफायबर धुताना कंडिशनर घालायचा नाही, ते निकामी होतं.

मावशींबद्दल. शाळेत सगळ्यात जास्त वेळ त्या केमिकलमध्ये कोण असतं? मुलं पाच मिनिटं, त्या रोज चार तास. नॉर्वेतल्या बर्गन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये छापलेला अभ्यास आहे, ६,००० च्या वर लोक, २० वर्षं पाठपुरावा, त्यात घरी किंवा नोकरीत सफाई करणाऱ्या बायकांच्या फुफ्फुसांची ताकद इतर बायकांपेक्षा भराभर कमी होताना दिसली. आणि आपण मावशींना हातमोजे देत नाही, दिलेच तर पुरुषांच्या मापाचे देतो जे हातातून सटकतात आणि मग म्हणतो त्या वापरतच नाहीत. मॉपची दांडी त्यांच्या उंचीची घ्या. बसून पुसायची सवय असेल तर लगेच मोडू नका, दोन्ही ठेवा, गुडघे बोलायला लागले की त्या स्वतः मॉप घेतात. माल ठरवताना त्यांना बसवा, दोन-तीन नमुने महिनाभर वापरून कुठला ठेवायचा ते त्यांना ठरवू द्या. ज्यांनी निवडला त्या लपवाछपवी करत नाहीत. आणि त्या कंत्राटदाराकडून येत असतील, तर कंत्राटात लिहून घ्या की माल शाळा देणार, कंत्राटदाराने बाहेरून काही आणायचं नाही. नाहीतर तो सगळ्यात स्वस्त ॲसिड आणणार, मीच आणायचो.

आता क्लार्क. त्यांच्याकडे तीन कोटेशन येतात आणि सगळ्यात कमी लिटरचा भाव पास होतो. इथेच फसतो आपण. समजा फिनेल ४० रुपये लिटर आणि घट्ट न्यूट्रल क्लीनर २०० रुपये लिटर. फिनेल बादलीला २०० मिली जातं म्हणजे ८ रुपये, क्लीनर बादलीला २० मिली जातं म्हणजे ४ रुपये. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्याकडचे भाव घालून बघा, पण कोटेशनच्या तक्त्यात ‘बादलीला खर्च’ असा रकाना क्लार्कच्या हाताने घालून घ्या. आणि मोजायचं झाकण नाहीतर पंप कॅनलाच बांधून ठेवा, नाहीतर क्लीनर पण २०० मिलीने जाईल आणि मार्चमध्ये सगळे म्हणतील इको महाग पडतं. ‘हर्बल’, ‘ग्रीन’, पानाचं चित्र, यावर जाऊ नका. आपल्याकडे इकोमार्क ही सरकारी योजना १९९१ पासून आहे, २०२४ मध्ये तिचे नवे नियम आले, पण तो शिक्का असलेला माल तालुक्याला मिळेलच असं नाही. तेव्हा निदान लेबलवर घटक, प्रमाण, उत्पादनाची तारीख आणि एक्सपायरी छापलेली नसेल तो कॅन आत घ्यायचा नाही, एवढं पाळा. सुटा माल नको.

टिकण्याचा खरा खिळा इथे ठोकायचा: ठराव. शाळा व्यवस्थापन समितीत एक आणि संस्थेच्या बैठकीत एक. लांबलचक धोरण नको, अर्धं पान. काय विकत घ्यायचं नाही एवढंच त्यात लिहा. खनिज ॲसिड, काळं फिनेल, डांबर गोळ्या, लेबल नसलेला माल, रूम फ्रेशनर. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या बायका, त्यांना ॲसिडचं एकदा समजावलं की नंतर नवीन हेडसर आले तरी त्या आया गप्प बसत नाहीत. ठरावाची प्रत स्टोअररूमच्या दारामागे आणि साठा नोंदवहीच्या पहिल्या पानावर चिकटवा. कारण मे महिन्यात बदल्या होतात, उत्साही शिक्षक जातात, हेडसर रिटायर होतात, पण नोंदवही तिथेच राहते. क्लार्क नोंदवहीला घाबरतात, पोस्टरला नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेतले कोणी वाचत असतील तर संयुक्त शाळा अनुदानातले किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात, ते पैसे फिनेलच्या बिलात जाण्याआधी फडकी, ब्रश आणि नळदुरुस्तीवर लावा. तुमचं वेतनेतर अनुदान येईल तेव्हा येईल, त्यामुळे माल सहा महिन्यांचा एकदम भरू नका, दर दोन महिन्यांनी थोडा घ्या.

मुलांचं काय, असं तुम्ही विचारलंय. मुलांनी आपला वर्ग झाडावा, फळा पुसावा, कचरा वेगळा करावा, सगळ्यांनी, पाळीपाळीने, मुलगे पण. संडास नाही. कधीच नाही. आणि जरा डोळे उघडे ठेवून बघा झाडू कोणाच्या हातात जातो, कारण ‘स्वयंसेवक’ म्हटलं की नेमकी ठराविक आडनावांची पोरं पुढे केली जातात हे मी एकाहून जास्त शाळांत पाहिलंय आणि तिथल्या कोणालाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. पाळीचा तक्ता हजेरी क्रमांकाने करा, कोणालाही सूट नाही, सरांच्या मुलाला पण नाही.

इको क्लबला मात्र एक खरं काम द्या, मोजायचं. दर महिन्याला आठवी-नववीच्या मुलींना नाव न लिहिता चिठ्ठीवर एकच प्रश्न विचारायचा: या आठवड्यात शाळेच्या संडासात गेलीस का, नाही तर का नाही. मुली लघवीला जावं लागू नये म्हणून दिवसभर पाणी पीत नाहीत, हे हेडसरांना कोणी तोंडावर सांगत नाही, चिठ्ठ्या सांगतात. कडी तुटलीय, दिवा नाही, पॅड टाकायला झाकणाचा डबा नाही, असली उत्तरं येतील ज्यात केमिकलचा संबंधच नाही. ती कामं आधी करा. संडासात जाणाऱ्या मुलींचा आकडा वाढायला लागला की संस्थेला दाखवायला तुमच्याकडे वासापेक्षा बरं काहीतरी असेल.

सुरुवात कधी करायची तर दिवाळीनंतर. जूनमध्ये अजिबात नको, चिखल, प्रवेश, गळणारी छपरं, त्यात नवं काही रुजत नाही. दिवाळीनंतर चार-पाच महिने कोरडे मिळतात, मावशींचा हात बसतो, मे महिन्यात एकदा सगळं खरवडून घासून घ्यायचं, आणि मग जूनचा चिखल ही परीक्षा. पहिल्या पावसात फरशी चिकट होईल, कोणीतरी फिनेल मागेल, तेव्हा तिथे तुम्ही असलं पाहिजे. जास्तीचं पायपुसणं आणि दुपारची एक जादा फेरी लागते, ती आधीच मावशींच्या वेळापत्रकात आणि पगारात धरा. जादा काम फुकट मागितलंत तर ऑगस्टमध्ये ॲसिड परत येणार, लिहून ठेवा.

जुनं ॲसिड आणि फिनेल उरलेलं असेल ते गटारात ओतून मोकळं व्हायचा मोह होईल, शाळेला सेप्टिक टँक असेल तर त्यातले जंतू मरतील आणि दुर्गंधी वाढेल. दुकानदार सील न तोडलेले कॅन बहुतेक वेळा परत घेतो, त्याला विचारा, मी तरी घ्यायचो. उघडलेल्यांचं काय ते ठरवायला कॅन मोजून, लेबलचे फोटो काढून मला पाठवा, आणि फोटोत ती वाळत घालायची दोरी पण येऊ द्या.